मॅनेजरच्या दारात

अभयला जाऊन महिना होत आला होता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो प्रेस मशीनमध्ये सापडला, तेव्हापासून चंपाबाईंनी डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता. माणसं भेटायला येत, रडत. त्या त्यांना चहा करून देत.

कामगारांचा पुढारी इंद्रजीत सांगून गेला, की भरपाईसाठी कारखान्याच्या गेटसमोर बसायला बंदी आलीय, आता मॅनेजरच्या घरासमोर बसायचं. अभयच्या आईनं पुढं बसावं, म्हणजे पेपरवाले येतील. चंपाबाई नाही म्हणाल्या नाहीत. हल्ली त्या कशालाच नाही म्हणत नसत.

सकाळी दहापासून तीस-चाळीस माणसं फाटक अडवून बसली. लेकाचा फोटो मांडीवर घेऊन चंपाबाई अंगणातल्या दोरीवरचे कपडे बघत राहिल्या. शाळेचा गणवेश, एक विटकं नऊवारी लुगडं. घोषणा कानांवरून नुसत्या जात होत्या.

दुपारी दार उघडून मॅनेजरची मुलगी तनुजा फाटकापाशी आली. असेल चौदा-पंधरा वर्षांची. पप्पा घरी नाहीत, आजीला डायलिसिसला न्यायचंय, रिक्षा कोपऱ्यावर थांबलीय, एवढं तिनं खाली बघत सांगितलं. मागून कुणीतरी 'खुन्याची पोरगी' म्हणालं. ती जागची हलली नाही.

इंद्रजीत चंपाबाईंकडे वाकला. "मावशी, ही नाटकं असत्यात. आज उठलो तर उद्या कुत्रं विचारणार नाय आपल्याला."

"असंल," चंपाबाई म्हणाल्या. "पण घर काय त्या एकट्याचं नाय."

त्या उठून बाजूला झाल्या. मग बाकीच्यांनाही उठावं लागलं. तनुजा आणि तिची आई आजीला खुर्चीत बसवून आणू लागल्या; मायलेकींना खुर्ची पेलेना, तेव्हा दोन कामगारांनीच ती उचलली. बाहेर येताना म्हातारीची नजर फोटोवर गेली. तिला घरात कुणी काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

"तुझा लेक का गं? काय करतो?"

तनुजानं मान फिरवली.

"कंपनीत होता," चंपाबाई म्हणाल्या.

रिक्षा गेली. घोषणांना पुन्हा जोर चढला नाही, मॅनेजर आला नाही, पेपरात चार ओळीही आल्या नाहीत. इंद्रजीत चंपाबाईंशी बोलायचा थांबला. पुढचं बोलणं कामगार ऑफिसात सुरू झालं. तारखा पडत राहिल्या.

फाटकापासून उठल्या त्या संध्याकाळी सून करुणानं विचारलं, आत्याबाई, तुम्ही का उठलात? चंपाबाईंना दया आली म्हणावं, तर तसं काही वाटलं नव्हतं. राग म्हणावा, तर तोही नव्हता.

"म्हातारीला जायचं होतं," त्या म्हणाल्या आणि मेथी निवडायला बसल्या.