अमान्य थाळी

नृसिंह सरांनी थाळीफेकीची थाळी तराजूतून उचलली, तिला पट्टी लावली आणि चष्मा कपाळावर सरकवून तीच पट्टी पुन्हा लावली.

"वजन बरोबर. व्यास चार मिलिमीटर जास्त. शिक्का नाही. शिवाय कडेला खोक पडलीय." त्यांनी थाळी टेबलावर ठेवली. "गावात खेळायला चालेल. स्पर्धेत नाही. अमान्य."

समोर उभ्या असलेल्या गोरक्षचा चेहरा उजळला.

जिल्ह्याच्या स्पर्धांत खेळाचं सामान तपासायला सरांना बारा वर्षं झाली होती. सामान अमान्य झालं की माणसं भांडत, कुणाच्या तरी मेव्हण्याची ओळख सांगत. गोळाफेकीतल्या एका पैलवानानं तर रडूनही दाखवलं होतं. आनंद झालेला माणूस सर पहिल्यांदाच पाहत होते.

"म्हंजी जप्त करनार न्हवं?"

"जप्त नाही. ताब्यात घेणार."

"तेच ते. सरकारजमा."

सरांनी वही पुढे ओढली. "कुणी बनवली ही?"

"थोरल्या भावानं. नागापूरला टर्नर हुता."

"होता म्हणजे? नोकरी सोडली?"

"व्हय," गोरक्ष म्हणाला.

सरांनी लाल दोऱ्यानं थाळीला चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर वळणदार अक्षरात 'अमान्य' लिहिलं आणि थाळी पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात जाईपर्यंत गोरक्षनं तिच्यावरची नजर काढली नाही.

मग त्यानं मान्य थाळीनं तीन फेकी केल्या. सर्वांत लांबची सव्वीस मीटर गेली. अकरा जणांत त्याचा नववा नंबर आला.

"एवढा खांदा घेऊन एवढीच?" सरांनी विचारलं.

"ही परत आली काय अन् न्हाई आली काय, सर."

सरांना उत्तर कळलं नाही. पण वहीत उत्तरासाठी रकाना नव्हता, त्यामुळे त्यांनी ते सोडून दिलं.

कर्जतच्या एसटीत गोरक्षला खिडकीची जागा मिळाली. वर्षभरात पहिल्यांदाच त्याचे हात मोकळे होते, आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

थाळी कानिफनं कारखान्यातल्या भंगारातून लेथवर काढली होती. कडेला दोघा भावांची नावंही ठोकली होती. सुट्टीच्या दिवशी तो वाडीला आला की गोरक्ष खळ्यात उभा राहून फेकायचा आणि कानिफ समोरच्या पडीक रानात बाभळीखाली उभा राहून थाळी परत भिरकावायचा. थाळी एकच होती, तेव्हा एकानं समोर उभं राहणं आलंच. लेथवरचा लोखंडी तुकडा एकदा गुडघ्यावर पडल्यापासून कानिफला पळवत नव्हतं. "हळू टाक की लेका, गुडघा नवा घेऊन देनार हाईस का?" असं तो तिकडून ओरडायचा. गोरक्ष हसायचा आणि आणखी लांब टाकायचा.

गेल्या साली दिवेलागणीला कानिफ बिडी पेटवायला खाली वाकला आणि थाळी त्याच्या कानामागं बसली.

पंचनाम्यात 'दगडावर पडून' असं लिहिलं गेलं. गावानं एवढा उपकार केला आणि नंतर कधी बोलूनही दाखवला नाही. थाळी छबूबाईनं, कानिफच्या बायकोनं, धुतली आणि खळ्यातल्या मेढीच्या खांबापाशी ठेवली. दिराला ती एक शब्द बोलली नाही. त्याला रोज वेळेवर भाकरी वाढत राहिली.

तेरावा झाल्यावर गोरक्षनं थाळी रानात फेकून दिली. सकाळी ती मेढीपाशी होती. पोरांनी आणली असेल म्हणून त्यानं पुन्हा फेकली. सकाळी पुन्हा होती. विहिरीत टाकली, पण दुष्काळाचं वर्ष. विहिरीत पाणी नव्हतं, नुसता ठण्ण आवाज झाला. सकाळी थाळीला विहिरीच्या तळाची माती लागलेली होती.

मग तो रोज संध्याकाळी, होता नव्हता तो जोर लावून फेकू लागला. बाभळीपलीकडे, मग बांधापलीकडे. रान उन्हानं इतकं भाजलं होतं की थाळी पडल्याचा आवाज पार वाडीत ऐकू यायचा. लोक कौतुक करू लागले. शाळेच्या मास्तरांनी एकदा टेप धरून मोजलं तर एक्केचाळीस मीटर भरलं.

"गोरक्षा, लेका, तू जिल्ह्याला जा," मास्तर म्हणाले. "फक्त ही थाळी तिथं घेणार नाहीत. ठेवून घेतील."

गोरक्ष त्याच दिवशी नाव द्यायला गेला. सरकारनं ठेवून घेतलेली वस्तू परत आल्याचं तालुक्यात एकही उदाहरण नव्हतं.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खळं रिकामं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. गोरक्षनं चार भाकरी खाल्ल्या आणि दुपारी घोरत झोपला. छबूबाई सकाळीच कुठंतरी गेली होती आणि दिवस मावळायला परत आली. त्यानं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी थाळी मेढीपाशी होती. लाल दोरा, चिठ्ठी, वळणदार अक्षर. अमान्य.

तो तसाच नगरला गेला. नृसिंह सर शाळेत प्रार्थनेची रांग सरळ करत होते. त्याला पाहून त्यांनी वही आणली.

"स्पर्धेनंतर अमान्य वस्तू मालकाला परत करायची असते. नियम आहे. घरच्या बाई आल्या होत्या, दिली." त्यांनी पान दाखवलं. "मालकाचं नाव विचारलं तर घेईनात. बोटानं थाळीवरच्या पहिल्या नावाची अक्षरं दाखवली. तीच उतरवून घेतली मी."

मालकाच्या रकान्यात कानिफनाथ होता. पुढे छबूबाईचा अंगठा.

"काही चुकलं का?" सरांनी काळजीनं विचारलं.

"न्हाई सर. नियमच हाय."

परतीच्या एसटीत गोरक्षला राग आला, मग हसू आलं, आणि वाडी जवळ येईपर्यंत दोन्ही ओसरलं. म्हणजे वर्षभर वैनीच थाळी आणून ठेवत होती. पहाटे उठायचं, बांधापर्यंत जायचं, विहिरीतसुद्धा उतरायचं. त्याला विसरू द्यायचं नाही म्हणून.

छबूबाई चुलीपुढं बसली होती. तो दारातच उभा राहिला.

"वैनी, समदं वरीस तुमीच आनून ठेवत हुता?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मी कशाला आनू? मी एकडावच आनली. नगराहून."

"मग तेवढी तरी कशाला?"

"कुलपात हुती, भावजी. त्यांना तिथं कुठं घावली असती?"

भाकरी फुगली. तिनं ती उतरवून त्याच्या ताटात ठेवली आणि पुढचा उंडा हातावर घेतला.

"अन् लई लांब फेकता तुमी," ती म्हणाली. "त्यांच्या गुडघ्याचं ठावं हाय न्हवं तुमाला?"

गोरक्षनं ताट तसंच ठेवलं. तो खळ्यात गेला. उजेड अजून थोडा होता, बाभूळ दिसेल इतका. त्यानं लाल दोरा सोडला, चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि थाळीच्या कडेवरून, जिथं खोक होती तिथून, अंगठा फिरवला.

त्यानं गिरकी घेतली नाही. पाय जागचे हलवले नाहीत. बसल्या माणसाला उठावं लागू नये अशी, कमरेच्या उंचीवरून, अगदी हळू फेकली.

थाळी अंधुक चमकत गेली आणि बाभळीच्या अलीकडे खाली झुकली.

गोरक्ष कान देऊन उभा राहिला. दोन वर्षं भाजलेलं रान; ढेकूळ पडलं तरी वाजणारं.

आवाज आला नाही.