पायरी चार

१. यूएसबी लावा. कंप्युटर तिच्यावरूनच चालू करा.

मुनिबाने लावली. शुक्रवार असल्यामुळे मसाल्याची चक्की बंद होती. शारजाच्या त्या गाळ्यात एसीची घरघर तेवढी होती, आणि टेबलावर सत्यजितच्या हातचा हा कागद.

"लिहिलंय तस्संच करा, भाभी. कंप्युटरची ही नवी सिस्टिम फुकटची आहे, पण हट्टी आहे," विमानतळावर जाताना तो म्हणाला होता.

दहा वर्षांचा भागीदार. चक्कीच्या लायसन्सवर तिचं आणि त्याचं, दोघांची नावं. पण गेल्या आठवड्यात तो दुबईजवळच्या जबल अलीत एक गोदाम बघत होता. तिच्या नवऱ्याने, अजीजने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सत्यजितने मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. स्वतःचा वेगळा धंदा काढतोय की काय!

२. डिस्क पुसा.

पुसायलाच सांगणार म्हणा! गिऱ्हाइकांची यादी, मसाल्यांची प्रमाणं, सगळं तिच्यात. बॅकअपची पेनड्राइव्ह त्याने ड्रॉवरमध्ये ठेवली होती. सकाळी आल्याआल्या मुनिबाने ती आपल्या पर्समध्ये टाकली. मगच पुसलं.

३. यूएसबीवरची सिस्टिम डिस्कवर उतरवा.

वीस मिनिटं लागली. उतरली.

५. आता नव्या सिस्टिमच्या आत जा.

गेली.

६. डिस्कवरून चालू होण्याची सोय करा.

'डिस्क सापडत नाही.'

तिने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. कंप्युटरला जोडलेल्या वस्तूंच्या फायली जिथे असतात तो फोल्डर उघडला, तर आत पाचसहा फुटकळ नावं. डिस्कच्या नावाची फाइलच नाही. आत्ता वीस मिनिटांपूर्वी जिच्यावर सगळं उतरलं, ती डिस्क गेली कुठे?

तिने आधी इंटरनेटची वायर उपटली. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन कंप्युटरचा डबा उघडला. डिस्क जागच्या जागी होती.

म्हणजे चोरी हाताने झालेली नाही. लांबून झालीय.

फोन उचलून तिने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचं बटण दाबून धरलं. "सत्यजित, डिस्क कुठे गायब केलीस? जबल अलीचं मला ठाऊक आहे. आल्यावर लायसन्समधून तुझं नाव काढू. खलास." बोट सोडलं. एकच खूण उमटली. तो अजून विमानात.

मग मुलीला फोन लावला.

"मम्मी, डिड यू डू स्टेप फोर?" एमान म्हणाली.

"नाही केली. वाच ना काय लिहिलंय! त्याच्या यूएसबीचा फोल्डर आपल्या सिस्टिमला जोडायचा म्हणे. चोरदरवाजा ठेवतोय मेला. मी ती ओळच खोडली."

पलीकडे एमान हसत सुटली. "ओ माय गॉड, मम्मी! दॅट्स व्हेअर द डिस्क्स नेम इज! न्यू सिस्टिम डझन्ट नो एनीथिंग येट!"

"हसतेस काय? नीट सांग."

"गो आउट. डू फोर. गो बॅक इन. यल्ला, चल, बाय."

४. आत जाण्याआधी यूएसबीचा डिव्हाइस फोल्डर नव्या सिस्टिमला जोडा. भाभी, ही पायरी विसरू नका.

आपणच मारलेल्या रेघेखालची अक्षरं एकेक करून वाचत तिने टाइप केलं. आत गेली. फोल्डर उघडला. नावांची रांगच्या रांग, आणि त्यात डिस्क. कुणी नेलीच नव्हती. मुनिबाच्याच त्या रेघेने लपवली होती.

सहावी पायरी मुकाट पार पडली.

तिने घाईने फोन पाहिला. दोन खुणा. निळ्या नव्हत्या अजून. उतरलाय, ऐकलेलं नाही. तिने मेसेज दाबून धरला आणि दोघांच्याही फोनवरून पुसला. त्या जागी बारीक तिरपी ओळ राहिली: हा मेसेज डिलीट केला आहे.

मिनिटभराने सत्यजित: "पोचलो. काय डिलीट केलंत, भाभी?"

"काही नाही. चुकून दाबलं गेलं. कंप्युटर चालू झाला."

निळ्या खुणा. तो लिहू लागला, थांबला. पुन्हा लिहू लागला, थांबला. जबल अलीचं आता तरी सांगेल, म्हणून ती बघत राहिली.

मग आलं:

"बॅकअपची पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्येच आहे ना? फोटो काढून पाठवा जरा."