खंडेनवमीचा नारळ

"पडलाबिडला हुता का कुठं?" कृष्णातनं लॅपटॉप उलटा करत विचारलं.

"न्हाय," मल्लाप्पा म्हणाले. इतक्या घाईनं म्हणाले, की त्यांच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक असं बोललं असतं, तर त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं असतं.

"पाणी शिंपडलं हुतं मी," स्टुलावर बसलेल्या गौराबाई म्हणाल्या. "तीर्थ. मीच घालवला बघा."

कृष्णातनं बटण दाबलं. पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं, पडदा काळा झाला, पुन्हा नाव, पुन्हा काळा. आतून टकटक ऐकू येत होती. खंडेनवमीपासून मल्लाप्पा हेच बघत होते. राजारामपुरीतल्या ह्या दुरुस्तीवाल्याचं नाव कुणीतरी सांगितलं, म्हणून नवरा-बायको सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला आले होते.

मल्लाप्पांचं गडहिंग्लजला दोरखंडाचं दुकान. जन्मभर कासरे आणि दावी विकली. यंत्र म्हणून हाताला लागला तो एक तराजू. लॅपटॉप त्यांच्या लेकीचा, वर्षाराणीचा. पुण्यात नोकरी लागल्यावर तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेला. मागच्या साली तापाचं निमित्त झालं आणि लेक गेली. तिच्या सामानातून लॅपटॉप तेवढा घरी आला. पुतण्या अमरेशनं त्यात एक व्हिडिओ शोधून दिला. मैत्रिणींबरोबर ती गगनबावड्याला गेली होती आणि धुक्यात उभी राहून आईबापाला हाका मारत होती. फोटो ढीगभर होते, आवाज मात्र तेवढाच. अमरेश सीडी करून आणतो म्हणत होता, पण लॅपटॉप उंबऱ्याबाहेर द्यायला गौराबाई तयार नव्हत्या.

मल्लाप्पा बटण दाबायला शिकले. दुकान बंद करून आले, की चौरंगावर लॅपटॉप ठेवून दोघं समोर बसायचे आणि तेच ते पुन्हा बघायचे. गल्ली म्हणायची, मल्लाप्पाचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं. पोटचं पोर गेल्यावर शहाणं राहून कुणाचं भलं झालंय?

वर्ष सरलं आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या पोटापाण्याचं हत्यार पुजायचं. मल्लाप्पांनी दुकानातला तराजू पुजला. घरी आले तर गौराबाई ताट घेऊन उभ्या. "पोरीचं हत्यार ऱ्हायलं की. त्येची पूजा नको?"

बोलणं खरं होतं. व्हिडिओ चालू ठेवून, लेकीच्या हसऱ्या चेहऱ्यासमोरच पूजा मांडली. भस्माचे पट्टे ओढले, फुलं वाहिली, गौराबाईंनी तीर्थ शिंपडलं. मल्लाप्पांनी नारळ हातात घेतला. दुकानात ते पायरीच्या दगडावर नारळ फोडायचे, पण आता लेकीसमोरून उठवेना. त्यांनी चौरंगाच्या कोपऱ्यावरच आपटला. नारळ चिवट निघाला. मग दातओठ खाऊन हाणला. नारळ फुटला आणि वर्षाराणीची हाक अर्ध्यावरच तुटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हापासून गौराबाईंचा एकच धोशा. पाणी माझं, पाप माझं. भरल्या ताटावरून उठायच्या. मल्लाप्पांच्या मनात नारळ होता, पण ओठावर येत नव्हता.

कृष्णातनं मागचे स्क्रू काढायला घेतले. गौराबाईंना ते बघवेना. त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

"पाणी आत गेल्यालंच न्हाय, मामा," थोड्या वेळानं कृष्णात म्हणाला. "सगळं वरच वाळलंय. ही बघा हार्डडिस्क. जे काय असतंय ते हिच्यात असतंय." त्यानं ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. टक, टक, आणि मग खरवडल्यासारखा आवाज. त्यानं झटकन बंद केलं. "चालू असताना जोराचा दणका बसलाय हिला. आतली चकती घासलीया. पुण्या-मुंबईला धाडा म्हटलं असतं, पण खोटी आशा लावत न्हाय मी."

"म्हंजे पाण्यानं न्हाय गेलं?"

"न्हाय."

"एवढं तिला सांगा, पावणं. रोज सोताला खातीया ती."

"सांगतो की. मग कशानं गेलं म्हणून सांगू?"

जुना झाला होता, आपोआप गेला, असं सांगा म्हणून मल्लाप्पांनी विनवलं असतं तर कृष्णातनं सांगितलंही असतं. माणूस भला दिसत होता. पण इतके दिवस बायको त्यांचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन उपाशी उठत होती आणि हे गप्प होते. आणखी एक लबाडी त्यांना झेपणारी नव्हती.

ते बाहेर जाऊन तिच्या शेजारी बसले. "गौरा, पाण्यानं न्हाय गेलं ते. नारळानं गेलं. मी हाणला त्यानं."

गौराबाई रस्त्याकडं बघत राहिल्या. "ठावं हाय मला."

"ठावं हाय?"

"हाक तवाच तुटली न्हवं का? मला काय दिसत न्हाय व्हय?"

"मग पाणी पाणी का करत बसलीस?"

"तुमी तोंडच उघडंना. म्हटलं, ह्या माणसाला न्हाय सोसायचं. आपल्यावर घ्यावं."

मल्लाप्पा भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर रडले. लेक गेली तेव्हाही एवढे रडले नव्हते. गौराबाईंनी त्यांना गप्प केलं नाही.

दुपारी दोघं स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीची वाट बघत बसले. लॅपटॉपची पिशवी गौराबाईंच्या मांडीवर होती. मल्लाप्पांनी डोळे मिटले आणि व्हिडिओ पहिल्यापासून आठवायला घेतला. धुकं. उडणारी ओढणी. लेक वाऱ्याकडं पाठ करते, हसते.

"आन मग पयली हाक मला मारती," ते म्हणाले. "मग तुला."

"न्हाय," गौराबाई म्हणाल्या. "पयली मला. अव्वा म्हणती, मग अप्पा."

मल्लाप्पांनी डोळे उघडले. इतक्या वेळा दोघांनी शेजारी बसून बघितलं, पण हा वाद कधी निघाला नव्हता. निघाला असता तरी एक बटण दाबून मिटला असता. आता विचारायचं कुणाला? पहिली हाक आपलीच, ह्यावर ते गळ्यातल्या लिंगाला हात लावून शपथ घ्यायला तयार होते.

गाडी लागली. माणसं दाराशी धावली. गौराबाई उठल्या नाहीत; नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

"व्हय," मल्लाप्पा म्हणाले. "पयली तुलाच."