मागे दार असलेली कॅरॅव्हॅन

सकाळी मिल्टन कीन्सहून निघतानाच रेखाने विचारलं होतं, "अहो, मागे एवढं काय झाकलंय?"

"अलॉटमेंटचं खत," उदय म्हणाला आणि पिकअपवरच्या ताडपत्रीचा दोर आणखी आवळला. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला खोटं बोलताना बायकोकडे बघू नये एवढं तरी कळायला हवं. उदय तिच्याकडेच बघत होता, वर हसतही होता. रेखाने विषय सोडून दिला. भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या त्या तुकड्याला खत लागायचंच. खत तर खत. तिच्या मनात वेगळाच काटा सलत होता.

दोघं कॅरॅव्हॅन बघायला चालले होते, आणि तीही साधीसुधी नव्हे, टॉय हॉलर. म्हणजे पुढे झोपायची जागा, ओटा, बाथरूम, आणि मागे मोटरसायकल ठेवायला चक्क गॅरेज. मागची अख्खी भिंत खाली उघडते आणि तिचाच रॅम्प होतो. अमेरिकेत म्हणे अशा ढिगाने मिळतात, इथे इंग्लंडमध्ये मात्र हुडकाव्या लागतात. उदय गेले दोन महिने हुडकत होता. आणि हे सगळं कशासाठी, तर मोटरसायकलसाठी. लेकीच्या, ईशानीच्या जन्माच्या आधी विकलेल्या मोटरसायकलची आठवण या माणसाला पासष्टी उलटल्यावर आली होती. ती अजून घेतलेली नव्हती. आधी ठेवायला जागा, मग बाईक, असा त्याचा हिशेब.

पूर्वी दर उन्हाळ्यात ते तंबू घेऊन वेल्सच्या किनाऱ्यावर जायचे. रेखा तिथे कड्यावरच्या वाटेने अशी चालायची की उदय मागून "अगं थांब" म्हणत धापा टाकायचा. मग तिचं कंबरेचं हाड गेलं, ऑपरेशन झालं, ते बिनसलं, आणि चालणं घरातल्या घरात आलं. ईशानीने आईसाठी बॅटरीवरची लाल स्कूटर आणून दिली. रेखा तिच्यावर बसून एकदाच शॉपिंग सेंटरला गेली. तिथे मराठी मंडळातली निवेदिता भेटली आणि भर दुकानात, चार माणसांत, तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, रेखा! काय गं हे होऊन बसलं तुझं!" त्या दिवसापासून स्कूटर घरच्या गॅरेजमध्ये जुन्या चादरीखाली गेली. "माझ्या पायांनी जाईन, नाहीतर घरी बसेन," रेखाने जाहीर केलं, आणि पायांनी फारसं जाता येत नसल्याने ती घरी बसली.

पुढच्या उन्हाळ्यात ती उदयला म्हणाली, "तुम्ही जा की एकटे. माझ्यासाठी अडून बसू नका." आता हे वाक्य कुठलाही मराठी नवरा जसं ऐकायचं तसंच ऐकतो, म्हणजे कानाआड करतो. उदयनेही केलं. निदान दोन वर्षं केलं. मग एके दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "मी विचार करतोय, एक बाईक घ्यावी."

रेखाने हातातला कप खाली ठेवला. आपण म्हटलं आणि ह्यांनी खरंच ऐकलं!

वॉटफर्डच्या बाहेरच्या त्या विक्रीच्या अंगणात त्यांना गाड्या दाखवणारी ईशिता भेटली. जन्म इथला, आजी-आजोबा साताऱ्याचे. रेखाचा "अहो" कानावर पडताच पोरगी इंग्रजी टाकून मराठीत शिरली.

"काकू, या ना! हे बघा, हा किचन किती मोठा आहे. Full oven आणि सगळं."

ती पहिली कॅरॅव्हॅन बिनगॅरेजची, पण ओटा ऐसपैस. रेखाने पिशवीतून पोळपाट-लाटणं काढलं. ईशिता बघतच राहिली. पण पोळपाट मावतो की नाही हे बघितल्याशिवाय ओटा पसंत कसा करायचा? रेखा काठी बाजूला ठेवून उभी राहिली आणि लटक्याच पोळ्या लाटायला लागली. पोळपाट छान बसला. कंबर मात्र दुसऱ्याच पोळीला बोलायला लागली. तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"हीच घेऊ या," ती म्हणाली.

"गॅरेजवाली बघू आधी," उदय म्हणाला.

गॅरेजवालीचा ओटा हातभर. एकीकडे शेगडी, एकीकडे सिंक, मध्ये पोळपाट ठेवला तर लाटणं धरणारा कोपर भिंतीवर आपटेल. रेखाने पोळपाट पिशवीतून काढलासुद्धा नाही.

"इथे मी स्वयंपाक करायचा?"

"करू काहीतरी," उदय म्हणाला, पण त्याचं लक्ष मागे होतं. तो गॅरेजच्या फरशीवर गुडघे टेकून टेप लावत होता.

रेखा तिथल्या घडीच्या बाकावर बसली आणि तिला एकदम फार एकटं वाटलं. ओट्याचं तिला काही नव्हतं. ह्यांना ओटा नकोच आहे, कारण ओट्याशी उभी राहणारी बाई सोबत येणारच नाही, हे ह्यांनी धरूनच चाललंय. डोळे भरून आले तशी ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"काका, तुमची बाईक हेवी आहे का?" ईशिता विचारत होती. "तुमचा पिकअप three tonnes ओढतो, so no problem. पण गॅरेजमध्ये काय ठेवणार ते पण weight मध्ये count होतं."

"शंभर किलो," उदय म्हणाला. "बॅटरीसकट."

"Oh, electric आहे?"

"अं... नाही. म्हणजे हो. इथे मागे चार्जिंगला सॉकेट आहे ना?"

रेखाने खिडकीवरून नजर काढली. परवापर्यंत तर ही बाईक पेट्रोलवर चालत होती. तिच्या आवाजाचं वर्णन करून करून ह्यांनी कान किटवले होते.

"आहे ना, हे बघा."

"आणि हा रॅम्प. फार चढ नाही ना? कुणी... म्हणजे बाईक उलटी नाही ना जाणार? आणि इथे बाजूला धरायला कठडा बसवून मिळेल?"

"बाईकला कठडा?" ईशिता हसली.

उदय हसला नाही. टेप गुंडाळत खाली बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

रेखाला त्या क्षणी सगळं दिसलं. ताडपत्री दिसली. परवा संध्याकाळी शेजाऱ्याबरोबर घरच्या गॅरेजमध्ये चाललेली कुजबुज आणि फळ्यांचा आवाज आठवला. वेडा माणूस! सरळ विचारलं असतं तर आपण नाहीच म्हणालो असतो, हेही तिला कळलं. म्हणून तर बिचाऱ्याने दोन महिने म्हातारचळ लागल्याचं सोंग काढलं होतं आणि बायकोचे टोमणे मुकाट्याने खाल्ले होते. तिला त्याच्यावर माया दाटून आली.

मग ती काठी टेकत उठली. "अहो."

"काय गं?"

"ती तुमची मोटरसायकल काढा खाली. खताखाली ठेवलीय ती. चढते का बघू या."

उदय तिच्याकडे बघतच राहिला. मग पिकअपकडे गेला. दोराची गाठ त्याला सुटेना, ईशिताने हात लावला. अलॉटमेंटच्या फळ्यांवरून दोघांनी लाल स्कूटर खाली घेतली. शेजारी दुसरं एक जोडपं गाड्या बघत उभं होतं, ते वळून बघू लागलं. रेखाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, स्कूटरवर बसली आणि रॅम्प चढायला लागली. उदय दोन्ही हात पुढे करून मागून चालत होता.

"सोडा हो, मी चढतेय."

"मी कुठे धरलंय?"

ती वर आली आणि स्कूटर वळवून तिने दाराकडे तोंड केलं. गॅरेजच्या भिंतीला एक घडीचं टेबल होतं. तिने बसल्या बसल्या ते खाली पाडलं, पिशवीतून पोळपाट काढला, त्यावर ठेवला. लाटणं फिरवून पाहिलं. एक पोळी, दोन, तीन. कोपर कुठे आपटत नव्हता आणि कंबर गप्प होती.

समोर उघड्या दारातून अंगणातल्या कॅरॅव्हॅनच्या रांगा दिसत होत्या. रॅम्पच्या टोकाशी उदय उभा होता.

"अहो," तिने लाटणं न थांबवता विचारलं, "वेल्सला ही अशी मागचं दार किनाऱ्याकडे करून लावता येईल ना? म्हणजे लाटताना मला समुद्र दिसेल."

उदयने मान डोलावली. मग टेप उलगडून कठड्यासाठी रॅम्पची कड मोजायला लागला.