कंसाची जागा

ब्रॉन्विनने बटण दाबलं आणि होबार्टच्या फेरीबोटींच्या सगळ्या तिकीट-कोडची चाचणीची प्रत डोळ्याचं पातं लवायच्या आत नीटनेटकी झाली. तिकिटं पूर्वीसारखीच निघत होती. फक्त कोड बराच आखूड झाला होता, आणि ते तिला आवडलं नाही.

मधले शेरे गेले होते. कोड वाचून नव्याने मांडणारं हे साधन यंत्राला लागतं तेवढंच लक्षात ठेवी. माणसांनी माणसांसाठी लिहिलेलं त्याच्या लेखी कचरा.

कचरा तिचा आणि डेस्मंडचा होता. शेजारी बसणारी ही दोघं वर्षानुवर्षं एका महिरपी कंसावरून भांडत आली होती. तो ओळीच्या शेवटी असावा की खालच्या ओळीवर एकटा, एवढाच प्रश्न. समोरासमोर दोघं सभ्य; सगळं काही शेऱ्यांत. ‘हा एकटा का बसलाय? घरी वाजलंय का?’ असं ती लिही. ‘त्याला हवा लागते. तुझ्याकडे गुदमरतो,’ असं खाली तो. दुसरं कुणी तिथवर वाचत नसे, ही मोठी सोय होती.

आज डेस्मंड निवृत्त होत होता. साहेब टेविता म्हणाला होता, हे भांडणही त्याच्याबरोबरच निवृत्त करू. साधन एक, वळण एक, आणि निवड ब्रॉन्विनने जेवणाआधी करायची. दुसरं साधन संथ होतं, पण प्रत्येक मोकळी जागा, प्रत्येक शेरा जिथल्या तिथे ठेवी.

“वेगवान घे,” डेस्मंड खण रिकामा करत म्हणाला. “त्या बडबडीचं काय लोणचं घालायचंय?”

“खरंच?”

त्याने कप खोक्यात ठेवला, बाहेर काढला, पुन्हा ठेवला.

ब्रॉन्विनने टेविताला संथ साधन सांगितलं. शेऱ्यांत महत्त्वाची माहिती आहे, म्हणाली. कसली, त्याने विचारलं. ऐतिहासिक, ती म्हणाली. त्या शब्दाला त्याने मान डोलावली. साहेब लोक डोलावतातच.

मग तिने नियमांची फाइल उघडली. कंसाची जागा ठरवायची होती. तिने टाइप केलं, खाली एक शेरा घातला.

शिंपल्यांची करी भरलेले पॅटिस आले तेव्हा डेस्मंड तिच्या पडद्याकडे वाकला.

“कंस खालच्या ओळीवर गेलाय.”

“दिसतंय मला.”

“चुकून?”

“खा, गार होतंय.”

त्याने खाल्लं, बोटं पुसली आणि आपला बंद केलेला संगणक पुन्हा सुरू केला. निरोपाचा केक कापायला तो आत गेला, तेव्हा ब्रॉन्विनने ती फाइल उघडली.

‘तात्पुरतं. डेस्मंड भांडायला येईपर्यंत,’ हा तिचा शेरा. त्याखाली:

‘बुधवारी येतो. पॅटिस तू आण.’

आतून हाका येत होत्या. जाण्याआधी तिने संथ साधन एकदा चालवलं आणि त्याला लागेल तेवढा वेळ उभी राहिली. दोन्ही ओळी जागच्या जागी होत्या.