मला रिकामी परत आणा

मी सायकलवरची पाण्याची बाटली बोलतेय. दचकू नका. बाटलीलाही तोंड असतं, आणि माझं तर दातांनी ओढून उघडता येतं, तेव्हा बोलणं मला काही जड नाही. हाताशी खायला काही असेल तर खात खात ऐका. का म्हणते ते पुढे कळेल.

माझा जन्म कारखान्यातला. गरम, मऊ प्लास्टिकमध्ये हवा फुंकली, साचा मिटला, उघडला आणि मी बाहेर पडले. तिथून दुकानाच्या फळीवर. शेजारच्या बहिणींच्या अंगावर विजा काय, वाघ काय, काय काय रंगवलेलं. मी आपली पांढुरकी, साधी. एक दिवस एक बाई आल्या. त्यांनी दुकानदाराकडून पाणी मागून घेतलं, एकेक बाटली भरली, उलटी धरली आणि कचकन दाबली. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं. वाघवाली गळली. वीजवाली तर भळाभळा गळली. माझ्यातून थेंब आला नाही.

"ही द्या," बाई म्हणाल्या. "दिसायला कशी का असेना, पाणी धरते."

ती आत्या. आणि जिच्यासाठी मला घेतलं ती तिची भाची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, घरात सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती पाय जमिनीवर ठेवत नसे. सायकलच्या शर्यतींत भाग घ्यायची. खाली बेकरी, वर घर. भट्टीवर भिंगरीचे बाबा, गल्ल्यावर आत्या. भिंगरीची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून या बहीणभावांनी मिळून पोर वाढवली होती. भांडत भांडत वाढवली, पण वाढवली.

भांडण कशावरून, तर खाण्यावरून. बाबांचं एकच म्हणणं, पोट भरलं की पाय चालतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दाट साखरेच्या दुधाने गळ्यापर्यंत भरलं आणि भर उन्हात पाठवून दिलं. दुपारी माझं झाकण उघडलं तेव्हा भिंगरीने नाक दाबलं. आत्याने मला बेकरीतलाच खाण्याचा सोडा घालून घासलं, तरी तो वास काही दिवस माझ्या अंगात मुरून होता.

"दादा, तुझी लेक सायकल चालवते," आत्या म्हणाली. "वासरू पाळलंय का आपण?"

"दुधात ताकद असते," बाबा म्हणाले.

"असते ना. शर्यत संपल्यावर दे, पावाबरोबर, अंड्याबरोबर. शर्यतीच्या मधे पोटात दूध डचमळलं की ती पोट धरून बसेल."

आत्या तरुणपणी लांब पल्ल्याची शर्यत धावायची, म्हणून तिला हे ठाऊक. बाबांना पटलं नाही. पण पुढचे दोन दिवस तिने त्यांना चहा दिला नाही, मग पटलं.

आता भिंगरीचं सांगते. ही पोरगी एरवी पावाची अख्खी लादी संपवेल, पण शर्यत म्हटली की तिच्या पोटात गोळा यायचा. घास गिळवत नसे. मागच्या साली मोठ्या शर्यतीच्या सकाळी तिने कपभर कोऱ्या चहावर भागवलं. रस्त्यात तहान लागली नाही म्हणून मला तोंडही लावलं नाही. निम्म्याहून जास्त रस्ता ती पहिल्या काही जणींत होती. मग शेवटच्या चढावर तिचे हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पाय फिरायचेच थांबले. ती रस्त्याच्या कडेला बसली. एकेक मुलगी पुढे निघून गेली. बाबा धावत आले तेव्हा ती सायकलला मिठी मारून रडत होती.

आणि मी तिथेच, तिच्या हाताच्या अंतरावर. काठोकाठ भरलेली. बाटलीच्या जन्माला येऊन यापेक्षा वाईट काय असतं, मला सांगा. मी त्या दिवशी जशी गेले तशी परत आले आणि मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर भिंगरी म्हणाली, "माझ्या पायांत दमच नाही."

"पायांचं नाव घेऊ नकोस," आत्या म्हणाली. "चुलीत लाकूड घातलं नाहीस आणि भात शिजला नाही म्हणून पातेल्याला शिव्या देतेस. पायांना सराव दिलास, पोटाला कधी दिलास?"

मग पोटाचा सराव सुरू झाला. रोज सायकल काढायच्या बऱ्याच आधी तिने खायचं. आधी अर्धं केळं. ते पचायला लागल्यावर अख्खं. मग मध लावलेला पाव, कधी मऊ भात. तेलकट नाही, तिखट नाही, पोटाला जड पडेल असं काही नाही. सायकलवर असताना खिशात बिया काढलेले खजूर आणि मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या फोडी. भूक लागायच्या आधी घास, तहान लागायच्या आधी घोट. माझ्यात पाणी, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि लिंबू. पहिल्या आठवड्यात पोरीने दोनदा ओकून दाखवलं. आत्याने तोंड पुसलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्या केळ्यापासून सुरुवात केली. मी परत आले की ती दारातच मला हलवून बघायची. हळूहळू मी अर्धी रिकामी होऊन घरी येऊ लागले, मग पूर्ण रिकामी. तेव्हा मला जी हलकी, झकास झोप लागायची, ती काही विचारू नका.

यंदाच्या शर्यतीवर बरंच काही अवलंबून होतं. पहिल्या तिघींना दूरच्या शहरातल्या संघात घेणार होते. राहायचं, जेवायचं, शिकायचं तिथेच. भिंगरीला दुसरं काही सुचत नव्हतं. बाबा मात्र कणीक नेहमीपेक्षा जोरात मळत होते.

शर्यत लांबची. अर्ध्या वाटेवर घरच्या माणसाने कडेला उभं राहून धावत्या सायकलवर भरलेली बाटली द्यायची, असा त्या शर्यतीतला रिवाज. मागच्या साली तहानच नाही म्हणून तिने नको सांगितलं होतं. दोन बोटांनी वरून हलकं धरायचं, हात लांब करायचा, मुलीचा हात लागला की सोडायचं. आत्याचे गुडघे दुखायचे, म्हणून हे काम बाबांकडे आलं. आणि इथेच घोडं अडलं.

कारण बाबा सोडेचनात. जन्मभर त्यांनी गरम पाव लोकांच्या हातात दिलेला. त्यांची पद्धत ठरलेली. पुडा पुढे करायचा, "गरम आहे हं, धरलंत ना?" असं विचारायचं, आणि समोरचा "धरलं" म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. बेकरीमागच्या गल्लीत भिंगरी सुसाट आली, तिने मला पकडलं, आणि बाबांनीही मला पकडून ठेवलं. माझी कंबर मोडायची वेळ आली. सायकल डगमगली आणि भिंगरी थेट मैद्याच्या पोत्यांवर जाऊन आदळली. उठली तेव्हा भुतासारखी पांढरी.

"बाबा, सोडायचं असतं."

"तू धरलंय का ते कळायला नको?"

"दादा, ती गिऱ्हाईक नाही," आत्या पायरीवर बसून हसत म्हणाली.

रोज संध्याकाळी हेच. कधी बाबा उशिरा सोडायचे, कधी घाबरून आधीच, आणि मी धप्पकन खाली. माझ्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा त्या गल्लीतला आहे. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत काही त्यांना जमलं नाही.

शर्यतीच्या सकाळी भिंगरीला पुन्हा घास नकोसा झाला. आत्याने तिच्यापुढे मध लावलेला पाव आणि केळं ठेवलं. कुणा हितचिंतकाने आणून दिलेलं, ताकदीचं म्हणून मिरवणारं निळं सरबत तिने सरळ बाजूला सारलं. "आजच्या दिवशी पोटाशी नवी ओळख नको. जे रोज खातेस तेच खा." भिंगरीने चघळत चघळत सगळं खाल्लं. शर्यतीसाठी माझ्यासारखीच आणखी एक आणली होती, ती माझी जुळी बहीण सायकलवर बसली. मी बाबांच्या हातात राहिले.

आम्ही कडेला उभे होतो. बाबांच्या तळहाताला इतका घाम की मी निसटते की काय असं मला वाटत होतं. लांबून घोळका आला. भिंगरी त्यात पाचवी की सहावी. बाबांनी हात लांब केला. तिची बोटं मला लागली. बाबांनी काही विचारलं नाही. त्यांनी सोडलं.

मी तिच्या हातात होते. ती घोट घोट पीत गेली, खजूर चावत गेली. शेवटच्या चढावर, जिथे ती मागच्या साली बसली होती, तिथे तिने मला उलटी करून शेवटचा थेंबसुद्धा जिभेवर घेतला आणि उभी राहून पायडल मारले. तिसरी आली. पहिली नाही, तिसरी. पण पुरलं. बाबांनी तिला दूध, पाव आणि अंडी इतकी खायला घातली की आत्यालाच थांबवावं लागलं.

मग निघायचा दिवस आला. बॅग दाराशी, खाली गाडी वाट बघत होती. संघाकडून तिला नव्या बाटल्या मिळणार होत्या, तरी बाबांनी मला धुतलं, भरलं, झाकण दोनदा तपासलं आणि दारात तिच्यापुढे केलं. तिने मला धरलं. बाबांनी सोडलं नाही.

भिंगरीने मला ओढलं नाही. ती तशीच उभी राहिली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "धरलंय मी."

"धरलंस ना?" त्यांनी विचारलं.

"धरलंय."

मग त्यांनी सोडलं.

आता मी त्या दूरच्या शहरात असते, खिडकीत, नव्या चकचकीत बाटल्यांच्या शेजारी. सरावाला ती मलाच नेते. माझं बरं चाललंय. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी असेल, तुमचं कुणीतरी भरून देत असेल. त्यांनी काय काय विचार करून भरलंय ते तुम्हाला दिसणार नाही. एवढंच करा, तहान लागायची वाट बघू नका, आणि तिला रिकामी करून घरी आणा. दारात कुणीतरी ती हलवून बघणार असतं.