पंचफुलाची उजवी बाजू

तलावाच्या कामावरची माणसं फावडी-टोपली टाकून शाळेच्या पटांगणात बसली होती. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. लातूर नवा जिल्हा झाला होता, तिथं मोठा दवाखाना होता. पण निलंग्याकडच्या आमच्या गावाला त्या दिवशी हवे होते लिंबगिरी महाराज. सुरी नाही, टाका नाही, नुसत्या बोटांनी ते पोटातला रोग काढत. दक्षिणा एक कोंबडी. ती पडद्यामागं देवीला जायची.

महाराजांच्या मागं शरीराचा तक्ता टांगला होता. माझ्याच वर्गातला. सरपंचांनी मागितला आणि वीस वर्षं विज्ञान शिकवणारा मी, काही न विचारता देऊन बसलो.

सरजाबाईनं आपल्या पोरीला, पंचफुलाला, पाठीवर आणलं. सातवीतली माझी विद्यार्थिनी, तापानं फणफणलेली, उजवा पाय पोटाशी ओढून धरलेला.

"हिला आत्ता लातूरला न्या," मी म्हणालो.

"तिथं चिरत्यात, गुरुजी. महाराज न चिरता काढत्यात."

महाराजांनी छडी तक्त्यावर टेकवली. "हे आंत्रपुच्छ, अपेंडिक्स. डाक्टर लोक पोट उघडत्यात अन् आत घड्याळ विसरत्यात. आपल्याकडं घड्याळच न्हाई."

लोक हसले. तक्त्यात ते डाव्या हाताला दिसत होतं, म्हणून महाराजांनी पोरीच्या डाव्या कुशीत बोटं खुपसली. लाल पाणी वाहिलं. कापसाच्या बोळ्यातून मांसाचा गोळा निघाला.

पंचफुला उजवी कूस धरून कण्हली, "दुखतंय इकडं. तुमी तिकडून काढलं."

"वेदना सरकती, पोरी. तक्त्यात बघ की."

माझा संयम तिथं संपला. तक्ता उतरवला आणि पोरीच्या अंगावर गोधडीसारखा पसरला. डोक्याकडं डोकं, चित्र वर.

पुढं बसलेली पार्वतीबाई वाकली. "अगं बया, आता तर ते उजवीकडं आलं."

"चित्रातला माणूस आपल्याकडं तोंड करून उभा असतो. उजवी म्हणजे त्याची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. ह्यांना एवढंही ठाऊक नाही."

मी पोरीचं पोट पुसलं. ओरखडासुद्धा नव्हता. कातडीची घडी दाबून बोटं आत मुडपली की ती पोटात गेल्यासारखी दिसतात. पार्वतीबाईनं विळ्यानं तो गोळा चिरला. आत खडे आणि गव्हाचे दाणे.

सरजाबाईनं दाणे तळहातावर घेतले. "ह्यो कामावर मजुरीत मिळालेला गहू. सकाळी मीच दक्षिणेच्या कोंबडीला घातला. पोरीच्या पोटात तर तीन दिस पाणी टिकलं न्हाई."

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. महाराजांची जीप उभी होती, माणसांनी पंचफुलाला तिच्यात निजवलं.

"गाडीत देवी हाय," महाराज पुटपुटले.

"मग देवीला मांडीवर घिऊन बसा," पार्वतीबाई म्हणाली.

लातूरच्या डॉक्टरांनी रात्र व्हायच्या आत शस्त्रक्रिया केली. आंत्रपुच्छ फुटायच्या बेतात होतं. पोर वाचली. पण त्याच आठवड्यात महाराज दुसऱ्या तालुक्यात कोंबड्या गोळा करत होते, आणि तिथं तक्ता अंगावर पसरणारं कुणी होतं का, मला ठाऊक नाही. हा राग अजून गेलेला नाही. त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

पंचफुलाच्या उजव्या कुशीवर चार बोटं लांब व्रण आहे. पोट उघडलं की खूण राहते. जो खूण न ठेवता काढतो, त्यानं काहीच काढलेलं नसतं. तेवढं पोरांना शिकवा, आणि पोट दुखलं की दवाखाना गाठा.